चहा तर दिला होता

सुरुवातीलाच माफी मागतो. माणसावर लिहायचं तर तो माणूस मोठा असावा लागतो, नाहीतर लिहिणारा तरी. इथे दोन्हीची अडचण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे मला फार येतं असा गावात समज आहे आणि काहीच येत नाही असा कॉलेजात. खरं दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावं. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "जवळच्या माणसावर लिही, चुकलास तरी तो रागावणार नाही." जवळचा म्हणजे माझा थोरला मामा. कर्जतला शिकायला म्हणून मी त्याच्याच दहिवलीच्या घरात राहतो. त्याला भीत भीत विचारलं, "मामा, तुझ्यावर लिहू का?" तो म्हणाला, "लिही की रं. पन आदी बस. पानी आनू?"

एवढ्यावरून मामा कळला असं कुणाला वाटलं तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. कर्जतपासून खालापूरपर्यंत माझ्या थोरल्या मामाइतक्या लोकांना "या, बसा" म्हणालेला माणूस झाला नाही आणि होणारही नाही. या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर, टेकाडावर एक रिसॉर्ट आहे. मुंबईची माणसं तिथे शनिवार-रविवारी शांतता मिळावी म्हणून येतात आणि मोठ्याने गाणी लावतात. त्या रिसॉर्टच्या जेवणघरात मामा कॅप्टन होता. कॅप्टन म्हणजे वेटर लोकांचा मुख्य. पांढरा शर्ट, काळी पँट आणि गळ्याला काळा बो. हा बो मामाने इतकी वर्षं बांधला की नुसत्या बनियनवर असला तरी तो मान जरा वर धरूनच चालायचा.

नोकरी माणसाच्या अंगात भिनते म्हणतात, पण मामाच्या अंगात नोकरी आधी होती आणि मामा नंतर आला असावा. कुणाच्याही घरी गेला तरी तो मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरतो. बसलेल्या माणसांकडे पाठ करून निघत नाही, दोन पावलं मागे सरकतो आणि मग वळतो. त्यात एकदा तो एका साखरपुड्यात रांगोळीतून मागे गेला. लग्नात त्याला पंगतीत बसवणं कुणालाच जमलेलं नाही. पहिला घास घेण्याआधी शेजारच्याच्या पानात वरण नाही हे त्याला दिसतं, आणि मग तो दिसतच नाही. डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारलं तर म्हणतो, "तुमी म्हनाल ते." माझ्या मामेबहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा चहाचा ट्रे मुलीने आणायची रीत. मामा तिला म्हणाला, "तुजा हात हालतो गं," आणि स्वतःच घेऊन गेला, डाव्या हातावर नॅपकिन टाकून. पाहुणे परत जाताना म्हणाले, "मुलगी नीट बघता आली नाही, पण वडील पसंत आहेत." लग्न झालं, सुखाचं झालं. मामी अजून म्हणते, "सोयरीक ट्रेवर झाली."

आणि एक गोष्ट. टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर मामा त्या टेबलाला बसत नाही. घरी मामीने जेवायच्या टेबलावर हौसेने प्लॅस्टिकचं फुलाफुलांचं कापड टाकलं, तेव्हापासून मामा ताट घेऊन ओट्याशी उभा राहून जेवतो. "कापड गिऱ्हाइकासाठी आसतं," असं त्याचं म्हणणं. मामीचं म्हणणं असं की, "मंग मी काय हाटेलात नांदते काय?"

असा हा माणूस, आणि टाळेबंदी आली. "या, बसा" म्हणणं हाच एकदम सरकारी गुन्हा झाला.

रिसॉर्ट बंद पडलं. खालापूर आणि कर्जतकडची माणसं घरी गेली. पण लांबून आलेले वेटर, स्वयंपाकी, भांडी घासणारे तिथेच अडकले. गाड्या बंद, गावाने रस्त्यावर आडवा बांबू टाकलेला, दुकानात यांना कुणी उभं करीना. मुंबईची माणसं जिथे आली तिथे रोग असणारच, असा गावाचा हिशोब. मालक मुंबईला. ते भले गृहस्थ. फोनवर म्हणाले, कोठारातला तांदूळ, डाळ सगळं वापरा, पगाराचं मात्र उघडल्यावर बघू. पोटाची सोय झाली. पण दिवसभर ती माणसं खाटांवर पडून छताकडे बघत. ओडिशाचा प्रधान नावाचा स्वयंपाकी तर कांदा संपल्यावरही कांदा चिरल्यासारखा रडायचा.

मामाला हे बघवेना. "बसलेल्या मानसाला घर आठवतं," तो म्हणाला. "हुब्या मानसाला गिऱ्हाईक आठवतं. यांला हुबं केलं पायजेल." आणि दुसऱ्या सकाळी गळ्याला बो बांधून, तोंडाला मास्क लावून त्याने स्कूटर काढली. मला मागे बसवलं. माझे कॉलेजचे तास फोनवर होते आणि दहिवलीत रेंज नव्हती, टेकाडावर होती. विद्येसाठी माणसाने काय काय करावं याबद्दल पुस्तकात बरंच लिहिलंय. मी त्यासाठी गिऱ्हाईक झालो.

नाक्यावर हवालदाराने अडवलं. उंच, मिशाळ, देशावरचा माणूस. "कुठं निघाला बो लावून?"

"ड्युटीवर," मामा म्हणाला.

"हॉटेलं बंद आहेत, माहीत नाही का?"

"गिऱ्हाईक बंद हाय साहेब. ड्युटी बंद नाय."

हवालदाराने बराच वेळ विचार केला. त्याची स्वतःची अवस्थाही साधारण तशीच होती. वाहनं बंद आणि ड्युटी चालू. त्याने सोडलं.

तेव्हापासून रोज दुपारी त्या रिकाम्या जेवणघरात पांढरी कापडं अंथरली जात, ग्लास पालथे मांडले जात, नॅपकिनचे मोर उभे राहत. मोर करायला मामानेच शिकवलेलं. पण मामाच्या मोराची मान डावीकडे मोडायची आणि ते त्याला कधी कळलं नाही. त्यामुळे सगळ्यांचे मोर मान मोडलेले. मग अर्धे लोक गिऱ्हाईक व्हायचे, अर्धे वाढायचे. दुसऱ्या दिवशी उलट. कोठारातली तीच डाळ आणि तोच भात, पण वाकून विचारायचं, "साहेब, आज काय घेणार?" आणि साहेबाने कपाळाला आठ्या घालून, मेनूकार्ड उलटसुलट बघून म्हणायचं, "डाळ-भात." पहिले दोन दिवस सगळे हसले. नंतर कुणी हसेना. प्रधान रडायचा थांबला, कारण "मीठ बराबर है?" हे विचारायला आणि ऐकायला रोज कुणीतरी होतं. मामा दर आठवड्याला सांगायचा, "येत्या रविवारी उगडतंय." किती रविवार आले आणि गेले. पण त्याचा चेहरा असा असायचा की सोमवारीही लोक पुढच्या रविवारची तयारी करत.

घरची गिऱ्हाइकं पुरेनात म्हणून मामाने बाहेरची आणायला सुरुवात केली. आरोग्य केंद्राच्या आशाताई ताप बघायला आल्या की त्यांना लांबच्या खुर्चीवर बसवून आधी कोकम सरबत. बांबूवर पहारा करणारे गावचे दोघे, ज्यांनी याच लोकांना दुकानापासून हाकललं होतं, त्यांनाही एक दिवस टेबल मिळालं. ते इतके संकोचले की जेवून झाल्यावर आपली ताटं आपणच घासून गेले. दुसऱ्या दिवशी बांबूखालून एक कांद्याची पिशवी आत सरकली. कुणी सरकवली ते कुणी विचारलं नाही.

आता मला हॉटेलातली एक रीत सांगितली पाहिजे. ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही, आणि ज्याला ती कळली नव्हती त्याचीच ही गोष्ट आहे.

गिऱ्हाईक चिडलं, आवाज चढला, "तुमच्या मॅनेजरला बोलवा" झालं, की कॅप्टन धावत येतो आणि सगळ्यांदेखत वेटरला कामावरून काढतो. "उद्यापासून दिसलास तर याद राख! चल, नीघ!" वेटर मान खाली घालून आत जातो. गिऱ्हाइकाचा जीव थंड होतो, कधी कधी तर दयाही येते. आत स्वयंपाकघरात त्या वेटरसाठी गरम चहा तयार असतो. त्या चहाचा अर्थ, तू कामावर आहेस. चहा पिऊन तो पलीकडच्या टेबलांवर जातो. शंकर नावाचा जुना वेटर मामाने इतक्या वेळा काढला होता की एका लग्नात त्याला नाश्त्याला एकदा आणि जेवणाला एकदा असं दोनदा काढलं, आणि रात्री वरपित्याने त्यालाच शंभराची नोट दिली, "परत घेतलं का रे बाबा?" म्हणून.

टाळेबंदीच्या जेमतेम आधी महेंदर नावाचा एक माणूस नवा लागला होता. उत्तराखंडच्या डोंगरातला, चाळिशीला आलेला, फार कमी बोलणारा. त्याने आधी कधी हॉटेलात काम केलं नव्हतं, आणि खरं गिऱ्हाईक तर त्याने एक-दोन रविवारच पाहिलं असेल. पण मामाचा मोर त्याच्याइतका कुणालाच जमला नाही. मान अगदी मामासारखीच मोडायची. मामा म्हणायचा, "ह्यो मानूस कॅप्टन व्हनार बग." महेंदर नुसता हसायचा.

त्या दुपारी मामाला वाटलं, सगळं शिकवून झालं, आता काढायचीही सवय राहिली पाहिजे. गिऱ्हाईक म्हणून आला होता आमचा हवालदार. मामाने त्याला आधीच सांगून ठेवलं, "साहेब, एकदा चिडा. चांगलं चिडा." महेंदरने डाळ वाढली. हवालदाराने एक घास घेतला आणि काठी अशी आपटली की पालथे ग्लास नाचले. "ही डाळ आहे का समुद्र? कोण आहे रे इकडे?" माणूस रोज रस्त्यावर खरंखुरं चिडत होता, त्यामुळे हात बसलेला होता. मामा धावत आला. त्याचंही त्या दिवशी भान सुटलं असावं, किती दिवसांनी खरं काम मिळालं होतं. "चले जाव! कल से दिखना मत! आबी के आबी निकलो!" बाकीचे हसू दाबत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. महेंदर मान खाली घालून आत गेला. आत चहा तयार होता. त्याने चहा घेतला, सावकाश प्याला, कप विसळला, पुसला आणि जागेवर ठेवला. मामा बाहेर हवालदाराला म्हणत होता, "काय झालं बगा! खऱ्याच्या वर झालं!"

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा महेंदर नव्हता. त्याच्या खाटेवर गणवेश घडी करून ठेवलेला. वर नॅपकिनचा मोर.

मामा खाटेजवळ उभाच राहिला. मग एवढंच म्हणाला, "आरं, पन मी त्याला चहा तर दिला व्हता."

महेंदरला वाटलं, जाणाऱ्या माणसाला चहा देऊन पाठवतात. आणि त्याचं काय चुकलं? जगात सगळीकडे तसंच असतं. हॉटेलातच उलटं आहे.

आम्ही स्कूटर काढली. नाक्यावर हवालदाराला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. "अहो, डाळीत मीठ बरोबर होतं हो," तो म्हणाला, जणू मामाला ते माहीतच नव्हतं. मग त्यानेही मोटारसायकल काढली. खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत गेलो. उन्हात डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं चालत होती, बायकांच्या कडेवर पोरं. मामा प्रत्येक घोळक्याजवळ थांबायचा, विचारायचा, आणि नाही म्हणाले तरी निघता यायचं नाही त्याला. स्कूटरला अडकवलेला पाण्याचा कॅन उतरवायचा. "पानी पिओ. बैठो थोडा." बसायला तिथे रस्त्याशिवाय काही नव्हतं. एक जण म्हणाला, तसला एक माणूस पहाटे टेंपोत चढताना पाहिला. टेंपो कुठे गेला ते त्याला ठाऊक नव्हतं. महेंदरच्या फोनवर एक बाई सांगत होती की हा नंबर बंद आहे. मामा तिलाही म्हणाला, "बरं ताई."

पुढे गाड्या सुटल्या. बाकीचे एकेक करून गेले. मामाने प्रत्येकाला निघताना कोकम सरबत दिलं. ते खरं तर येणाऱ्यांना द्यायचं, पण मामाला माणसांना निरोप द्यायची सवयच नव्हती, येणाऱ्यांचीच होती. सगळ्यांनी पोचल्याचे फोन केले. एकाचा आला नाही.

आणि मग एका रविवारी रिसॉर्ट खरंच उघडलं. इतक्या रविवारांतल्या एकाला तरी मामाचं ऐकावंच लागलं. नवे वेटर आले, गर्दी आधीपेक्षा जास्त, घरात कोंडलेली मुंबई टेकाडावर सांडली. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मामाने 'राखीव' अशी पितळी पाटी ठेवली. कापड, पालथा ग्लास, मोर, सगळं मांडलेलं. त्या टेबलावर तो कुणालाच बसवायचा नाही. कुणी विचारलं तर मामा वाकून म्हणायचा, "साहेब, त्यांचं बुकिंग जुनं हाय." शिवाय आता तो कुणाला खोटंखोटंही काढीना. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी म्हणायचा, "साहेब, त्याला काडता येनार नाय. दुसरं काय बी सांगा. माज्यावर वरडा, मी हुबा हाय."

मालक एकदा भर गर्दीत आले. माणसं दारात ताटकळत उभी आणि कोपऱ्यात रिकामं टेबल. "हे कुणासाठी?"

"आपल्याच एका मानसासाठी," मामा म्हणाला.

"कोण?"

"वेटर व्हता."

मालक भले, पण शेवटी मालक. तेही चिडले. सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्यापासून तुम्ही येऊ नका." मामाने मान खाली घातली, दोन पावलं मागे सरकून वळला, स्वयंपाकघरात गेला, स्वतःच चहा ओतून घेतला, प्याला आणि पलीकडच्या टेबलांवर वाढायला लागला. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर. मालकांनी त्याला बराच वेळ पाहिलं. आपण खरं बोललो होतो हे सांगायचं धैर्य त्यांना झालं नाही. रीत ज्याने इतकी पाळली त्याला ती मोडून कोण दाखवणार?

नंतर गुडघ्यांनी मात्र ऐकलं नाही आणि मामा आपणहून घरी बसला. म्हणजे घरी उभा राहिला. येताना पितळी पाटी मागून आणली आणि मामीच्या फुलाफुलांच्या कापडावर, खिडकीकडच्या खुर्चीसमोर ठेवली.

"अवो, घरच्या मानसाला टेबल नाय आनि ह्ये कुनासाठी राखून ठेवलंय?" मामी म्हणायची. "मी पापड कुठं वाळवू? तुमच्या डोक्यावर?"

"दुसऱ्या बाजूला वाळव गं. तितं बुकिंग नाय."

ती बडबडत दुसऱ्या बाजूला वाळवायची. पण मी पाहिलंय, पाटी पुसायची तीच. हवालदाराची बदली झाली. तरी कर्जतला आला की दारातूनच विचारायचा, "काय, कळलं का?" मामा मान हलवायचा आणि म्हणायचा, "या, बसा." हवालदार बसायचा, ती खुर्ची सोडून.

यंदा होळी होऊन गेली आणि एका दुपारी प्रधानचा फोन आला. तो आता तिकडे वर, उत्तराखंडच्या डोंगरात यात्रेकरूंच्या वाटेवर कुठल्याशा हॉटेलात लागलाय. म्हणाला, रस्त्यावरच्या एका ढाब्यावर चहाला थांबलो, तर टेबलावर मान मोडलेला मोर. जगात असा मोर मामाच्या हाताखाली शिकलेल्याचाच. आणि त्याने फोन कुणाच्या तरी हातात दिला.

मामा ओट्याशी उभा होता. फोन त्याने दोन्ही हातांनी धरला. पलीकडचा आवाज बारीक, पण मला ऐकू येत होता.

"साब, एक बात पूछनी थी," पलीकडून आलं. "उस दिन दाल में क्या कम-ज्यादा हो गया था? मैंने बहुत सोचा."

मामा म्हणाला, "कुच नई रे. नमक बराबर था." लगेच पुढे, "तेरेको चाय दिया था ना मैंने?"

"हाँ साब. अच्छी चाय थी. उसी के सहारे घर तक पहुँच गया." पलीकडे तो हसला असावा. "अब मालूम है साब. मैं भी कॅप्टन हूँ इधर. कोई कस्टमर चिल्लाता है तो लड़के को झूठमूठ निकालना पड़ता है. पर मैं पहले चाय पिलाता हूँ, बाद में निकालता हूँ."

फोन संपला. मग मामाने खिडकीकडची पितळी पाटी उचलली, मामीच्या हातात दिली आणि त्या खुर्चीवर बसला. फुलाफुलांच्या कापडासमोर, उपऱ्या माणसासारखा, हात मांडीवर ठेवून. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. मामीनेही नसावं, कारण ती पापड हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"काय म्हनला वो?"

"पोचला म्हनतो."

"आता?"

"नाय गं," मामा म्हणाला. "तवाच पोचला व्हता."